दारातली जुनी जीप : नीट करावी कशी, आणि कोणत्या क्रमाने



गाळप आटोपले, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या, खोडव्याला पाणी आणि पाचटाची कुट्टी एवढेच काम उरले, की माणसाला थोडी उसंत मिळते. अशा दिवसांत गट ऑफिसात येणारे सभासद उसाच्या गोष्टी झाल्यावर हमखास एक विषय काढतात. "आमच्या गोठ्यामागं थोरल्या आबांची जीप उभी हाय. भंगारात घालावी का नीट करावी?" भीमेच्या अलीकडे राहू-पारगाव, पलीकडे मांडवगण-न्हावरे, कुठेही जा, शेडच्या कोपऱ्यात कडब्याखाली उभी असलेली एखादी जीप सापडतेच. तेव्हा या अंकी त्याविषयी जरा विस्ताराने लिहीत आहोत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. चेसी शाबूत असेल आणि कागद जागेवर असतील, तर गाडी नीट करण्यासारखी आहे. ट्रॅक्टर उघडायची सवय असलेल्या माणसाला निम्म्याहून अधिक काम घरच्या घरी जमेल. मात्र क्रम चुकला की पैसा बुडाला. बहुतेक मंडळी आधी रंग लावतात, मग रुंद टायर, मग मोठा हॉर्न, मग इंजिनाकडे वळतात, आणि ब्रेकचे "बघू नंतर" म्हणतात. कागदाचे तर कोणी नावच काढत नाही. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे : आधी कागद, मग चेसी, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, त्यानंतर इंजिन, आणि अगदी शेवटी रंग.

गाडी कोणती ते ओळखा

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४५ या काळात, विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या काही लष्करी लिलावांतून खाजगी माणसांच्या हाती आल्या. १९४९ साली महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू केली. आपल्या भागात आज ज्या जुन्या पेट्रोल जीप दिसतात त्या बहुतेक उंच बॉनेटच्या, म्हणजे सी.जे. ३ बी नावाच्या घराण्यातल्या. हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली निघाले, तिकडे १९६८ ला बंद पडले, पण आपल्याकडे त्याचा वंश पुढे कितीतरी वर्षे चालू राहिला. शेतकी अधिकाऱ्याची जीप, बीडीओची जीप, निवडणुकीत कर्णा बांधून फिरणारी जीप, ती हीच.

बॉनेट उंच का, याला कारण आहे. युद्धकाळातल्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूला होते. नव्या इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह हेडमध्ये वर नेला आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्येच ठेवला. इंजिन तेवढेच, २१९९ सीसीचे, पण ताकद वाढली आणि उंचीही वाढली. उंची वाढली म्हणून बॉनेट उचलावे लागले.

१९७३ नंतर पेट्रोल भडकले, तेव्हा पुष्कळांनी डिझेल इंजिन बसवून घेतले. सत्तरीत कंपनीनेही २३५० सीसीचे डिझेल इंजिन जीपला दिले. ते इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाचे सख्खे भावंड, त्यामुळे ज्यांनी तो ट्रॅक्टर हाताळला त्यांना त्यात परके काही नाही. पुढे १९८० च्या दशकात एम.एम. ५४० आली, तिला पूजो बनावटीचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन. एखाद्याच्या दारात लष्करी लिलावातली जोंगाही असेल, पण ती निसानच्या नमुन्यावर जबलपूरला बनलेली वेगळी जात आहे. तिचे इंजिन जवळजवळ चार लिटरचे, पेट्रोल पिण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही. खालचे विवेचन मुख्यतः पेट्रोल जीपला धरून आहे. ब्रेक, स्टिअरिंग, गिअरचे सांगितलेले थोड्या फरकाने डिझेललाही लागू पडते.

पाना हाती घेण्याआधी कागद

आरसी बुक ट्रंकेतून काढा आणि चेसी नंबर, इंजिन नंबर गाडीशी ताडून पाहा. चेसीवरचा नंबर मातीखाली, रंगाखाली दडलेला असतो. तो डिझेलच्या फडक्याने आणि बारीक तारेच्या ब्रशने उघडा करावा, ग्राइंडर चुकूनही लावू नये. घासला गेलेला नंबर म्हणजे कायमची डोकेदुखी.

आता सर्वांत जास्त आढळणारी अडचण. गाडी अजून आजोबांच्या नावावर असते. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली, जमिनीला वारस लागले, पण जीपला कोणी लावले नाहीत. नियमाप्रमाणे मालक वारल्यावर ३० दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावे करून घ्यायची असते. उशीर झाला असला तरी रस्ता हाच. दाखले आणि इतर वारसांची संमती लागेल. चुलत भावाची सही आणायची असेल तर ती गाडीला रंग लागण्याआधी आणावी. नंतर भाव वाढतो!

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर नमुना २५ भरून, गाडी दाखवून, पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण घ्यावे लागते. २० वर्षांवरच्या हलक्या वाहनाला या कामाची फी ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेने ५,००० वरून १०,००० रुपये झाली. पर्यावरण कर आणि थकलेले काही असेल तर ते वेगळे. दौंडची गाडी बारामतीच्या, शिरूरची पुण्याच्या परिवहन कार्यालयाखाली येते. एमएच मालिका १९८९ पासूनची. त्याआधीचा नुसत्या तीन अक्षरांचा नंबर असेल, तर जुन्या दप्तरातली नोंद संगणकावर चढलेली आहे की नाही हे आधी विचारून घ्यावे. दहा आणि पंधरा वर्षांच्या बंदीचे जे ऐकू येते ते दिल्ली भागाचे आहे, आपल्याकडे ती लागू नाही.

"व्हिंटेज" म्हणून नोंद करावी का, असेही काहीजण विचारतात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला अशी वेगळी नोंद मिळते. पहिली फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. पण मग ती गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. मळ्यात जा-ये करायची असेल त्याने या वाटेला जाऊ नये.

आणि डिझेल घातलेल्या जीपचे काय? बुकात पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असे असेल, तर तपासणीत गाडी अडणारच. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ रचना बदलायला मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले. इंजिन बदलायचे तर त्याच जातीचे, आणि आधी परवानगी घेऊन. म्हणून बाहेरून चकचकीत बनवून विकायला आलेली जीप घेताना सावध असावे. हरियाणातील डबवालीकडे अशा जीप बांधायचा मोठा धंदा आहे; गाडी देखणी असते, पण बुक एका गाडीचे, चेसी दुसरीची आणि इंजिन तिसरीचे, असा प्रकार निघाला तर ती आपल्या नावावर होणे कठीण. अनोळखी गाडीपेक्षा आपल्या दारातली गंजकी गाडी बरी, तिचा पूर्वेतिहास तरी ठाऊक असतो.

जागा आणि तयारी

शेडमध्ये पक्का कोबा असेल तिथे गाडी घ्यावी. मुरमावर जॅक फसतो. गाडी उचलल्यावर चेसीखाली लोखंडी स्टँड किंवा बाभळीचे जाड ओंडके द्यावेत. विटा कधीही लावू नयेत, वीट न सांगता फुटते. बॉनेट उघडण्याआधी काठीने ठोकावे, सीटखाली पाहावे. पाचटाशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर राहतात आणि उंदरामागे घोणस येते.

प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्यावा. नट-बोल्ट वेगवेगळ्या बरण्यांत चिठ्ठी टाकून ठेवावेत. आणि एक गोष्ट, जी न कळल्यामुळे अनेक बोल्ट मोडले गेले आहेत : जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. उजवीकडचे नेहमीसारखे सुटतात, डावीकडचे नेहमीच्या दिशेने फिरवले तर आणखी आवळतात. पान्याला पाइप लावून, वर उभे राहून नाचले तरी सुटत नाहीत, शेवटी मोडतात.

चेसी दाबाच्या पाण्याने धुवून, वाळवून, छोट्या हातोडीने ठोकत जावी. चांगले लोखंड खणखणते, कुजलेले बद वाजते. पाट्यांचे हँगर, पुढचा आडवा तुळया आणि मागचा, इथे जास्त लक्ष द्यावे. आपल्याकडच्या जीपचा मागचा पत्रा पार चाळण झालेला असतो, कारण वर्षानुवर्षे तिने युरिया आणि पोटॅशच्या गोण्या वाहिल्या. खताचा क्षार ओल धरतो आणि पत्रा खातो. गोठ्याच्या उताराला उभी असेल तर गोमूत्रानेही तेच होते. पत्रा बदलता येतो, त्याचे विशेष नाही. चेसी मात्र हँगरजवळ कुजली असेल तर नुसती पट्टी मारून भागत नाही. जाणत्या वेल्डरकडून कुजका भाग कापून त्याच जाडीची प्लेट बसवून घ्यावी. चेसी वाकडी असेल तर आम्ही पुढे खर्च करू नका असेच सांगू.

ब्रेक

इथे कंजुषी करू नये. या जीपच्या ब्रेकची सगळी नळी एकच आहे. आजच्या गाड्यांत दोन वेगळ्या वाटा असतात, एक फुटली तर दुसरी निम्मा ब्रेक धरते. जीपमध्ये चारांपैकी एका चाकाचा रबर गळाला तर पायाखालचा पॅडल थेट फळीला टेकतो. म्हणून मास्टर सिलेंडर, चारही चाकांचे व्हील सिलेंडर, रबरी होज आणि लोखंडी नळ्या एकाच वेळी नव्या घालाव्यात. "एवढा एक चांगला दिसतोय, राहू द्या" असे करू नये. ड्रम लेथवर साफ करून घ्यावेत, चारही लायनर एका जातीचे असावेत.

ब्रेक ऑइल म्हणून फक्त ब्रेकचेच ऑइल. घरात आहे म्हणून इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिकचे ऑइल टाकल्याने आतले रबर फुगतात. पहिले दोन दिवस ब्रेक झक्क लागतो, तिसऱ्या दिवशी सुटतच नाही, आणि मग सगळे रबर फेकून द्यावे लागतात. हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करावी, आणि दोन माणसे असावीत. एक पॅडलवर, एक निपलपाशी.

हँडब्रेकचा प्रकार निराळा आहे. तो चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावर आहे. तो मागचा प्रॉपेलर शाफ्ट धरतो. म्हणजे शाफ्टचा क्रॉस तुटला किंवा शाफ्ट काढून ठेवला, की हँडब्रेक ओढूनही गाडी घरंगळते. जीपखाली शिरून शाफ्ट सोडणाऱ्याने आधी चाकांना दगड लावावेत. ट्रान्सफर केसचे मागचे ऑइल सील गळत असेल तर तेल नेमके याच ड्रममध्ये उतरते आणि हँडब्रेक नावापुरता उरतो. सील बदलल्याशिवाय नवे लायनर घालण्यात अर्थ नाही.

स्टिअरिंग व गिअर

ताशी चाळीसला पुढची चाके थरथरायला लागली की लोक चाकांचे बॅलन्सिंग करून आणतात. दोष बहुधा तिथे नसतो. स्टिअरिंगचा दांडा पुढच्या तुळयावरच्या एका फिरत्या तुकड्यातून, बेलक्रँकमधून, दोन्ही चाकांकडे जातो. त्याची पिन आणि बेअरिंग झिजली की गाडी रस्ताभर चालते. दुसरी जागा म्हणजे चाकाच्या नकलची वरची-खालची बेअरिंगे. पुढचे चाक उचलून वर-खाली हाताने हलवावे. आधी चाकाचे बेअरिंग कसून घ्यावे आणि तरीही खेळ दिसला तर नकलचा समजावा, शिम काढून तो कमी करता येतो. टायरॉडचे चेंडू गेले असतील तर दुसरा विचार न करता बदलावेत.

पाटे एकावर एक गंजून चिकटलेले असतात. ते सोडवून, घासून, ग्रीस लावून पुन्हा बांधावेत. बसके झाले असतील तर पाटेवाल्याकडून कमान भरून आणावी.

गिअरबॉक्स तीन गिअरचा, त्याच्या मागे ट्रान्सफर केस. जुनी तक्रार अशी की गिअरबॉक्समधले तेल कमी होते आणि ट्रान्सफर केसमधले वाढते. तेल कुठे उडून जात नाही, मधले सील गेल्याने ते एका घरातून दुसऱ्या घरात जाते. महिन्यातून एकदा दोन्हींचे प्लग उघडून पातळी पाहिली असती तर कितीतरी गिअरबॉक्स वाचले असते. ट्रान्सफर केसमधला मधला शाफ्ट झिजला की "उऽऽ" असा आवाज येतो आणि शाफ्टच्या तोंडाशी तेल पाझरते. हा शाफ्ट, त्याची सुई-बेअरिंगे आणि वॉशर यांचा संच मिळतो. काम घरी होण्यासारखे आहे, पण शाफ्टचे भोकच केसमध्ये मोठे झाले असेल तर लेथवाल्याकडे जावे लागते. रांजणगाव, शिक्रापूर, कुरकुंभच्या बाजूला आता चांगल्या मशीन शॉपची वाण नाही. सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ आहेच. जुना, दुर्मिळ भाग हवा तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार पालथा घालावा. काहीही आणायला जाताना काढलेला जुना भाग पिशवीत घेऊन जावे. "जीपचा सील द्या" म्हणून मागितले तर दुकानदार विचारतो, कोणत्या जीपचा?

इंजिन

बरीच वर्षे उभी असलेली गाडी ट्रॅक्टरने ओढून सुरू करायचा मोह होतो. तो आवरावा. सिलेंडरमध्ये रिंगा चिकटलेल्या असतात, आणि खालचे धूर सोडणारे व्हॉल्व्ह गंजून उघडेच राहिलेले असतात. ओढल्यावर काहीतरी वाकते. त्याऐवजी चारही प्लग काढून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे आणि मग हँडलने हळूहळू फिरवून पाहावे. हँडल मारताना अंगठा दांड्यावरून पलीकडे घेऊ नये, बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडल उलटे आले तर मनगट जाते. जुने ड्रायव्हर हे पहिल्या दिवशी शिकवायचे. ब्लॉकच्या बाजूचे झाकण उघडले की व्हॉल्व्ह खाली-वर होतात का ते दिसते.

हेड उतरवायची वेळ आली तर एक बोल्ट ध्यानात ठेवा. या इंजिनात आत घेणारा मार्ग हेडमध्येच ओतलेला आहे आणि हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरच्या खाली, त्या तोंडाच्या आत लपलेला आहे. बाहेरचे सगळे बोल्ट काढले, पहारीने उचकटले, आणि हेडला तडा गेला, असे घडते ते या एका बोल्टामुळे. बसवताना हेड मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, ६० ते ७० फूट-पौंडापर्यंत कसावे. टॉर्क पाना नसेल तर कोणाचा तरी मागून आणावा.

टॅपेट थंड इंजिनावर लावावेत : वरचे, आत घेणारे, १८ थाऊ, खालचे, सोडणारे, १६ थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. प्लगची फट ३० थाऊ, डेल्कोतल्या पॉइंटची २०. ठिणगीचा क्रम १-३-४-२. क्रँक घासणे, बोअर करणे, व्हॉल्व्हच्या सीटा, ही कामे घरची नव्हेत, त्याला यंत्र लागते. पण इंजिन उतरवून नेणे आणि परत बसवणे घरी केले तर मजुरीचा मोठा भाग वाचतो. शेडच्या आढ्याला चेन-पुली टांगण्याआधी आढे किती वजन पेलते हे मात्र पाहावे.

पाण्याचे एक वेगळे सांगायला हवे. आपल्या बोअरचे पाणी जड आहे. तेच रेडिएटरमध्ये ओतत राहिल्याने आत चुन्याचा थर बसतो आणि इंजिन तापते. मग लोक थर्मोस्टॅट काढून टाकतात. रेडिएटर उघडून साफ करून घ्यावा, ब्लॉकमधली जाकिटे धुवावीत आणि पुढे कूलंट किंवा पावसाचे गाळलेले पाणी वापरावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हे ट्रॅक्टरवाल्यांना वेगळे सांगायला नको.

टाकी, पेट्रोल आणि आपला ऊस

जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. ती तळाला गळत असेल आणि कोणी म्हणाले, "रिकामी आहे, एक टाका मारून देतो," तर त्याला टाकीला हात लावू देऊ नये. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक असते. आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते आणि वेल्डिंगच्या ठिणगीने ती बॉम्बसारखी फुटते. महिनाभर उन्हात ठेवली तरी सांदीतल्या गाळातून वाफ निघत राहते. आमचा सल्ला सरळ आहे : गळकी टाकी फेकून नवी घ्यावी. दुरुस्तच करायची तर रेडिएटर-टाकीचेच काम करणाऱ्याकडे द्यावी. तो ती गरम पाण्याने अनेकदा धुतो आणि डागाच्या जागेपर्यंत पाण्याने भरून मगच डाग लावतो.

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. पंपावर आज जे पेट्रोल मिळते त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. हे उद्दिष्ट आधी २०३० साठी ठरले होते, ते २०२५ मध्येच गाठले गेले. त्या इथेनॉलचा एक मोठा वाटा उसाच्या रसातून आणि मळीतून येतो, त्यावर आसवन्या चालतात आणि त्यातून उसाला चार पैसे मिळतात. ते पेट्रोल वाईट आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण साठ वर्षांपूर्वीची जीप बनवताना ते कोणाच्या डोक्यात नव्हते, हेही खरे.

इथेनॉल जुन्या जातीच्या रबराला मऊ करते, फुगवते. पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरचे वॉशर आणि फ्युएल पंपाचा पडदा, हे तिन्ही इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे आहेत असे विचारून घ्यावेत. पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले आणि वास पेट्रोलचा आला, तर गाडी त्याच जागी बंद करावी. ते पातळ ऑइल बेअरिंगे खाऊन टाकते.

दुसरे, टाकीत वर्षानुवर्षे बसलेला मळ आणि गंज इथेनॉल सुटा करते. म्हणून टाकी आतून साफ केल्याखेरीज नवे पेट्रोल भरू नये, आणि पंपाच्या अलीकडे पारदर्शक फिल्टर बसवावा. पहिल्या महिन्यात तो दोन-तीनदा बदलावा लागेल. तिसरे, इथेनॉल हवेतले पाणी ओढते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसकट खाली बसते, वर नुसते पेट्रोल राहते, आणि टाकीचा तळ गंजतो. जीप पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले उरलेले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून मग बंद करावे.

राहिला सरासरीचा प्रश्न. एक लिटर इथेनॉलमधली उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. म्हणजे २० टक्के मिश्रणात लिटरमागे साधारण सात टक्के उष्णता कमी पडते, तेवढी सरासरी उतरणार. त्याशिवाय जुना कार्ब्युरेटर शुद्ध पेट्रोलच्या मापाने लावलेला असल्याने इंजिनाला इंधन थोडे अपुरे मिळते. ते गरम चालते, कार्ब्युरेटरमधून "फट्" असा आवाज येतो, प्लग पांढरट दिसतो. अशा वेळी एक माप मोठा जेट घातला की प्लग पुन्हा विटकरी रंगावर येतो. जेटचे भोक तारेने घासून मोठे करण्याचा उद्योग करू नये.

वायरिंग, रंग आणि रस्ता

वायरिंग तुकडे जोडत बसण्यापेक्षा सबंध नवे ओढावे. जीपचे वायरिंग आहेच किती! फार जुनी जीप ६ व्होल्टवर असते. ती १२ वर आणायची तर कॉइल, बल्ब, मीटर सगळेच बदलावे लागते, नुसती बॅटरी बदलून काही तरी जळते. प्रत्येक वाटेला फ्यूज घालावा. रंगाविषयी एवढेच, की लांबी थापून भोके झाकू नयेत, आणि आरसी बुकात लिहिलेला रंगच लावावा.

रस्त्यावर आणण्याआधी विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट लागतेच. या जीपचे मागचे दात कमी वेगाचे आहेत. ताशी पन्नास-साठला ती खूश असते, त्यावर ओरडते. सोलापूर रोडला किंवा नगर रोडला भरधाव गाड्यांत तिला नेऊन हौस भागवू नये. फोर व्हील फक्त चिखलात, वाळूत, काळवटीत टाकावे. डांबरी रस्त्यावर ते लावून वळण घेतले की पुढची-मागची चाके एकमेकांशी भांडतात, शाफ्टला पीळ बसतो, आणि लिव्हर निघता निघत नाही. चुकून तसे झाले तर गाडी थोडी मागे घ्यावी, पीळ सुटतो आणि लिव्हर येते.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा कसावेत, डावीकडचे नट उलटे हे विसरू नये. ५०० किलोमीटरला इंजिन ऑइल बदलावे, इंजिन थंड असताना हेडचे बोल्ट आणि टॅपेट पुन्हा तपासावेत. त्या काळात रोज रात्री जीपखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरावा. सकाळी पुढच्या बाजूला पातळ काळा थेंब दिसला तर तो इंजिनचा. मधोमध घट्ट, उग्र वासाचा थेंब असेल तर गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफर केसचा, तेव्हा दोन्हींची पातळी पाहावी. हिरवट पाणी रेडिएटरचे. आणि चाकाच्या आतल्या अंगाला ओल दिसली, तर थेंब कितीही लहान असो, त्या दिवशी गाडी शेडबाहेर काढू नये. ड्रम उघडून व्हील सिलेंडर पाहावा.